बुडिताच्या रेषेबाहेर : पुण्याच्या धरणखोऱ्यांतील वनस्पतींच्या सर्वेक्षणाविषयी

जुलै उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक छोटा तक्ता रोज येऊ लागतो. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारही धरणांची मिळून साठवणक्षमता २९.१५ अब्ज घनफूट, म्हणजे टीएमसी. आज किती भरले, गेल्या वर्षी याच दिवशी किती होते, हे आकडे पुणेकर सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि यंदा पाणीकपात होणार की टळणार याचा अंदाज बांधतो. पाण्याचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या या शहराला त्या पाण्याखाली आणि त्या पाण्याभोवती कोणत्या वनस्पती होत्या, त्यांतल्या कोणत्या उरल्या आणि कोणत्या नव्याने आल्या, याचा हिशेब ठेवायला मात्र जमलेले नाही. पानशेत म्हटले की पुण्याला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. आंबी नदीचे खोरे, तिच्या काठची झाडी, तिच्या पात्रातले खडक आणि त्या खडकांना धरून राहणारी झुडपे कोणाच्या आठवणीत नाहीत. मोसे आणि मुठा या खोऱ्यांचीही तीच गत आहे. धरणक्षेत्रातील स्थानिक वनस्पतींचे सर्वेक्षण या विषयाची ओळख करून देताना सुरुवात या विसरापासूनच करावी लागते, कारण सर्वेक्षण हा विसरावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

धरणाच्या संदर्भात ‘झाडांचे सर्वेक्षण’ हे शब्द आपल्याकडे बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. धरणाची पूर्ण संचय पातळी नकाशावर आखायची, त्या रेषेच्या आत येणारी झाडे मोजायची, बुंध्याचा घेर टिपायचा, सागाला इतके, आंब्याला इतके असे मोल ठरवायचे आणि नुकसानभरपाईचा किंवा तोडीचा कागद पुढे पाठवायचा. हे काम आवश्यक आहे, ज्याच्या बांधावरचा आंबा जातो त्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण ही लाकडाची आणि फळांची मोजणी झाली. तिला वनस्पतींचे सर्वेक्षण म्हणता येत नाही. गवत, वेली, नेचे, कंद, पाणवनस्पती आणि झुडपे तिच्यात येत नाहीत, आणि रेषेच्या एक मीटर वरचे काहीच येत नाही. माझे म्हणणे असे आहे की धरणामुळे वनस्पतींवर होणारा परिणाम मुख्यतः दोन ठिकाणी दडलेला असतो आणि ही मोजणी दोन्ही ठिकाणी पोचत नाही. पहिले ठिकाण नदीचे पात्र आणि त्याचा अरुंद काठ. तिथे जे असते ते डोंगरावर कुठेच नसते. दुसरे ठिकाण बुडिताच्या रेषेबाहेरचे. तिथे परिणाम हळूहळू, माणसांच्या आणि रस्त्यांच्या मार्गाने पोचतो. म्हणून खरे सर्वेक्षण नदीच्या तळापासून डोंगरमाथ्यापर्यंत जायला हवे, आणि धरणाच्या आधी सुरू होऊन नंतर कित्येक दशके चालू राहायला हवे.

पुण्याच्या पश्चिमेकडची खोरी या दृष्टीने फार बोलकी आहेत. शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर पश्चिमेला, ताम्हिणीसारख्या घाटमाथ्यावर, तो सहा-सात पटींहूनही अधिक होतो. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस इतका बदलला की झाडी पावलोपावली बदलते. खडकवासल्याच्या आसपास बाभूळ, हिवर, खैर यांचा कोरडा माळ असतो. पानशेत-वरसगावच्या उतारांवर ऐन, हिरडा, बेहडा, कुंभा, आसाणा अशी पानझडी झाडी सुरू होते. माथ्याकडे जांभूळ, अंजनी, पिसा, पारजांब यांचे सदाहरित रान येते आणि मोकळ्या उतारांवर कारवी दाटते. खोऱ्याच्या तळाशी नदी या सगळ्या पट्ट्यांना एका दोऱ्यात ओवते. पश्चिमेकडच्या ओल्या रानातली जांभूळ, उंबर, करंज, अर्जुन ही झाडे तिच्या काठाने पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात खूप आतपर्यंत उतरत येतात, कारण काठाची ओल त्यांना पुरते. धरण बांधले की हा दोरा मध्येच तुटतो. खडकवासला १८७९ साली पूर्ण झाले, पानशेत आणि वरसगाव त्याच्या वरच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर आले, टेमघर शतकाच्या वळणावर. एकाच नदीकुळावर सव्वाशे वर्षांत चार भिंती उभ्या राहिल्या. प्रत्येक भिंतीआधी खोऱ्याची पूर्ण नोंद झाली असती, तर आज पुण्याजवळ जगात क्वचितच कोणाकडे असेल असा पुरावा असता.

नदीच्या पात्रात नेमके काय असते ते जवळून पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांत आणि नद्यांत पोडोस्टेमेसी या कुळातल्या वनस्पती आढळतात. पहिल्या नजरेला त्या वनस्पती वाटतच नाहीत. खडकावर शेवाळ्याचा हिरवा-तपकिरी थर बसला आहे असे वाटते. त्यांना माती लागत नाही. पाण्याखालच्या गुळगुळीत कातळाला त्या घट्ट चिकटतात आणि पावसाळाभर धो धो वाहणाऱ्या प्रवाहाखाली वाढत राहतात. पाऊस ओसरला, पाण्याची पातळी उतरू लागली आणि खडक उघडा पडू लागला, की काही दिवसांतच त्या चिमुकली फुले आणतात, फळे धरतात आणि वाळून जातात. त्यांचे धुळीसारखे बारीक बी त्याच कातळावर चिकटून पुढच्या पावसाची वाट पाहते. सगळे आयुष्य अशा रीतीने पाण्याच्या चढउताराच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. पात्रातल्या खडकांच्या बेचक्यांत मुळे रोवून पुरापुढे लवणारी शेरणी, पाषाणभेद म्हणून ओळखले जाणारे रोटुला, झाऊच्या जातीतले टॅमॅरिक्स एरिकॉइडीस आणि काठावरचा वाळुंज यांचेही थोड्याफार फरकाने तेच आहे. पूर त्यांचा शत्रू नसतो. पुराने साफ धुतलेल्या जागेवरच त्यांचा हक्क असतो. त्या जागी वीस-तीस मीटर खोल, स्थिर पाणी वर्षभर उभे राहिले की त्यांना वर सरकायला जागा नसते, कारण वर डोंगर असतो, वाहते पात्र नसते. झाडांच्या मोजणीत यांतल्या एकाचाही घेर भरत नाही, म्हणून एकाचीही नोंद होत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की या वनस्पती दुसऱ्या खोऱ्यांतही असतीलच, एका खोऱ्यातून गेल्या म्हणून काय बिघडले? कधी कधी हे खरेही ठरते. पण ते खरे आहे की नाही हे शोधल्याशिवाय कळत नाही, आणि न शोधता गृहीत धरणे किती महागात पडू शकते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. शरावतीवरच्या जोग धबधब्याच्या तुषारांत वाढणारे हबार्डिया हेप्टान्यूरॉन हे नाजूक गवत १९१९ साली गोळा केलेल्या नमुन्यांवरून विज्ञानाला माहीत झाले. पुढे शरावतीवर धरण झाले, जोगचे पाणी आटले, तुषार थांबले, आणि हे गवत नामशेष मानले गेले. या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तिलारीच्या परिसरात पुन्हा सापडले. म्हणजे ते दुसरीकडे होते, पण ते तिथे आहे हे मधली कित्येक दशके कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळात ती जागाही गेली असती तर कोणाच्या लक्षातही आले नसते. चीनमध्ये यांगत्सेवरच्या ‘थ्री गॉर्जेस’ धरणाने आणखी एक धडा दिला. मायरिकॅरिया लॅक्सिफ्लोरा हे झाऊच्या कुळातले झुडूप उन्हाळ्यातल्या पुराखाली राहते आणि पाणी उतरल्यावर वाढते. जलाशयाने पाण्याचे वेळापत्रकच उलटे केले आणि त्याच्या तिथल्या जागा बुडाल्या. सर्वेक्षण आधी झाले होते म्हणून रोपे बाहेर काढून जगवता आली, आणि पुढे धरणाच्या खालच्या अंगाला थोडी रानटी झुडपेही सापडली. आमच्या पात्रांतला झाऊ त्याच कुळातला आहे.

आता बुडिताच्या रेषेच्या वर जाऊ. माधव गाडगीळ यांनी १९७९ साली डोंगर, धरणे आणि जंगले या विषयावर पश्चिम घाटातील आपली निरीक्षणे एका शोधनिबंधात मांडली. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट होत गेली आहे: धरणाखाली खोऱ्याचा सर्वांत सुपीक तळ जातो, पण त्या तळावर जगणारी सगळी माणसे खोरे सोडून जात नाहीत. भातखाचरे बुडाली की उरलेली कुटुंबे उतारावर सरकतात, तिथे नाचणी-वरईसाठी राब भाजतात, सरपण आणि चारा पूर्वीपेक्षा लहान क्षेत्रातून काढतात. धरणासाठी आलेला रस्ता धरण झाल्यावरही राहतो आणि त्या रस्त्याने कोळसा, लाकूड, दगड बाहेर जाऊ लागतात. आधी जे झाड तोडून न्यायला परवडत नव्हते, ते परवडू लागते. पुढच्या पिढीत त्याच रस्त्याने जमिनीचे व्यवहार येतात, बंगले येतात, आणि वरसगावच्या जलाशयाकाठी लवासासारखे आखीव शहरही येते. या सगळ्यात धरणाच्या भिंतीचा वाटा किती आणि नंतरच्या निर्णयांचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. पण वेगळे काढायचे तर उतारावरच्या झाडीची आधीची अवस्था आणि दर काही वर्षांनी घेतलेल्या नोंदी हाताशी हव्यात. त्या नसल्या की वाद दोन टोकांना जातो. एक बाजू म्हणते इथे घनदाट जंगल होते, दुसरी म्हणते इथे पूर्वीपासून उजाड डोंगरच होता, आणि दोघांकडेही दाखवायला कागद नसतो.

भिंतीच्या खालच्या बाजूचे चित्र पुण्याला रोज दिसते, फक्त ते धरणाशी जोडून पाहिले जात नाही. खडकवासल्याखाली मुठेचे पात्र वर्षातला मोठा काळ धरणाच्या पाण्यावाचून असते. पावसाळ्यात विसर्ग सुटला की भिडे पूल बुडतो, एरवी पात्रात वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. स्वच्छ, उथळ, खळाळते पाणी गेले आणि अन्नांशाने गच्च भरलेले मंद पाणी आले, की खडकावरच्या वनस्पतींची जागा जलपर्णी घेते आणि काठावर बेशरम माजते. जलाशयाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा उघडी पडणारी गाळपेर जमीन हाही एक नवा अधिवास आहे. निसर्गात पाणी पावसाळा संपताच उतरते, इथे ते चैत्र-वैशाखात उतरते. हा उलटा क्रम सोसणाऱ्या वनस्पती थोड्या आणि बऱ्याचदा परक्या असतात. या बाबतीत तारखेसह केलेली एक साधी नोंद किती मोलाची ठरते, याचे उदाहरण पुण्यानेच दिले आहे. गाजर गवत आज देशभर माहीत आहे. त्याच्या प्रसाराची दखल घेणारी नोंद भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील आर. एस. राव यांनी १९५६ साली पुण्यातून प्रसिद्ध केली. कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले म्हणून त्या आक्रमणाचा इतिहास आज सांगता येतो. मुठेच्या पात्रातून जे गेले त्याच्या जाण्याची तारीख अशी सांगता येत नाही.

खंत वाटते ती यासाठी की नोंद करणाऱ्यांची पुण्याला कधीच वाण नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अलेक्झांडर गिब्सन दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डॅलझेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ साली आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा कोश प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकाच्या टेबलावर असतो. त्यात वनस्पतीच्या वर्णनाखाली ती कोठे व कोणाला मिळाली हे लिहिलेले असते, आणि तिथे वुड्रो यांच्याबरोबर कानिटकर, भिवा अशी नावे भेटतात. रानोमाळ हिंडून नमुने आणणाऱ्या या माणसांमुळे त्या कोशाला पाय फुटले. १९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने आजच्या आघारकर संशोधन संस्थेची स्थापना झाली. १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आले. म्हणजे मुळशी धरणाच्या आधी कुक यांचा कोश होता आणि पानशेतच्या आधी दोन संस्था होत्या. पण इलाख्याचा कोश ‘पुणे’, ‘लोणावळा’, ‘मावळ’ अशा मोठ्या नावांवर थांबतो. नदीच्या कोणत्या वळणावर, किती उंचीवर, कोणत्या खडकावर, हे त्याला सांगायचेच नव्हते. धरणासाठी लागणारे सर्वेक्षण याच्या एक पायरी खाली उतरून, खोऱ्याच्या आणि ओढ्याच्या मापाचे असावे लागते.

असे सर्वेक्षण कसे होते हे सामान्य वाचकाला फारसे माहीत नसते, म्हणून त्याचा सर्वांत लहान घटक इथे दाखवतो. वाळवलेल्या नमुन्याचा कागद हा तो घटक. फांदी पानाफुलांसह, शक्य असेल तर फळासह, आणि लहान वनस्पती असेल तर मुळासह घेतात. वर्तमानपत्राच्या घड्यांत ती पसरून लाकडी चौकटींमध्ये पट्ट्याने आवळतात, कागद बदलत बदलत सुकवतात, किडीपासून बचाव करून जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लागते: तारीख, ठिकाण, उंची, जागेचे वर्णन, फुलाचा रंग, स्थानिक नाव, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. रंग इथेच लिहावा लागतो, कारण वाळल्यावर तो राहत नाही. शंभर वर्षांनी नाव बदलले, वर्गीकरण बदलले, तरी हा कागद पुन्हा उघडून तपासता येतो. नुसत्या यादीला ही सोय नाही. दुसरी गोष्ट हंगामाची. सह्याद्रीत मृगाच्या सरींनंतर कंदांतून किंवा बियांतून वर येणाऱ्या, श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या आणि दिवाळीपर्यंत जमिनीत परत जाणाऱ्या वनस्पतींचे फार मोठे जग आहे. चवर, फोडशी, आभाळी, कवला, तेरडा, सोनकी यांतले मार्चमध्ये काय दिसणार? रस्ते कोरडे असतात आणि जीप पोचते म्हणून उन्हाळ्यात केलेले सर्वेक्षण झाडांपुरते पुरे पडते आणि खोऱ्यातल्या निम्म्या संसाराला मुकते. पात्रातल्या वनस्पतींसाठी तर पाणी उतरण्याचे मोजके दिवस गाठावे लागतात.

चिठ्ठीवरच्या ‘स्थानिक नाव’ या रकान्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते, आणि याच रकान्यात दुसऱ्या एका गंभीर आक्षेपाचे उत्तर आहे. हा आक्षेप असा: जिथे माणसे उठवली जातात तिथे गवताची आणि शेवाळासारख्या वनस्पतींची चिंता करणे हे माणुसकीला धरून आहे का? १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेला मुळशी सत्याग्रह हा आपल्या स्मृतीतला पहिला मोठा धरणविरोधी लढा. सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी जमिनीसाठी लढले, झाडांच्या याद्यांसाठी नव्हे. हे अगदी खरे आहे. पण त्या जमिनीत काय होते? आंबेमोहोराची खाचरे होती, बांधावरचे आंबे-फणस होते, घराच्या कुडाला लागणारी कारवी होती, पावसाळ्यात पोट भरणाऱ्या रानभाज्या होत्या, औषधाच्या मुळ्या होत्या. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत हिरडा गोळा करून आजही महादेव कोळी कुटुंबांचे घर चालते. भरपाईच्या कागदावर यांतले फारच थोडे चढते, कारण सरकारी नजरेला सातबारावर नसलेली वनस्पती दिसत नाही. नीट केलेले सर्वेक्षण गावातल्या जाणत्या बायका-पुरुषांना बरोबर घेऊन होते. कोणती भाजी कोणत्या वहाळाकाठी, कोणता कंद कोणत्या महिन्यात, हे ज्ञान त्यांच्याकडेच असते, आणि माणसे दूरच्या पुनर्वसन वसाहतीत गेली की एका पिढीत ते बोलण्यातून नाहीसे होते. म्हणून माणूस आधी की वनस्पती आधी, हा प्रश्नच चुकीच्या पायावर उभा आहे. धरणग्रस्ताचे सगळे नुकसान मोजायचे तर त्याच्या वनस्पती मोजाव्याच लागतील.

देवराया या दोन्हींना जोडतात. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास पुढे आणला आणि त्यांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व दाखवून दिले. पानशेत खोऱ्यातल्या शिरकोलीच्या शिरकाईसारख्या देवस्थानांभोवती राखलेली झाडी ही आसपासचा डोंगर एकेकाळी कसा होता याची मापपट्टी आहे. जुन्या गारंबीच्या वेली आणि आभाळाला भिडलेली झाडे उघड्या उतारांवर आता मिळत नाहीत, ती अशा रायांत मिळतात. देवराईवर धरणाचा आघात दुहेरी होतो. राई खोलगट जागी असेल तर ती सरळ पाण्याखाली जाते. वर असेल तर ती वाचते, पण तिचा धाक पाळणारे आणि जत्रा भरवणारे गाव उठते, आणि मागे उरते ती राखण नसलेली झाडी. दुसऱ्या प्रकारचे नुकसान बुडीत क्षेत्राच्या हेक्टरांत कधीच येत नाही. त्यामुळे धरणाच्या सर्वेक्षणात प्रत्येक राईची वेगळी नोंद हवी: तिची हद्द, तिच्यातल्या वनस्पती, तिचा देव, तिचे गाव आणि ते गाव आता कोठे आहे.

आणखी एक आक्षेप अभ्यासकांकडूनच येतो. ही खोरी कधीच अस्पर्श नव्हती, मावळात शेकडो वर्षे शेती होती, राब भाजला जात होता, जंगले तोडली जात होती. मग ‘मूळची वनस्पती’ कशाला म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. स्थानिक वनस्पती म्हणजे माणसाचा हात न लागलेली वनस्पती असा अर्थ घेतला तर सह्याद्रीत बोट ठेवायला जागा मिळणार नाही. पण इथली वनस्पती या मातीत, या पावसात आणि इथल्या माणसांच्या वहिवाटीत हजारो वर्षे टिकून राहिली, हा अर्थ घेतला तर प्रश्न सुटतो. बांधावरचा उंबर, खाचराच्या कडेचे तृण, पायवाटेची निर्गुडी हे सगळे त्या हिशेबात येतात. आणि नदीचे पात्र तर नांगराखाली कधीच गेले नव्हते. खोऱ्यात शेती कितीही जुनी असली तरी पात्रातला कातळ पुराच्याच ताब्यात होता. म्हणून खोरे अस्पर्श नव्हते हे कबूल केल्याने सर्वेक्षणाची गरज कमी होत नाही. मिश्र निसर्गाची नोंद अधिक बारकाईने करावी लागते, एवढेच.

सर्वांत वजनदार आक्षेप कोयनेचा आहे. कोयनेचे धरण १९६०च्या दशकात झाले, गावे उठली, आणि शिवसागर जलाशयाभोवतीचे रान माणसाविना पुन्हा वाढले. १९८५ साली तिथे अभयारण्य झाले, पुढे ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. मग धरणाने वनस्पतींचे भलेच केले असे का म्हणू नये? उताराच्या झाडीबाबत यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण यातून दोन गोष्टी निघतात. एक, रान परतले ते उतारावर. नदीचा तळ, त्याचा काठ आणि पात्रातला कातळ परतला नाही, कारण तो अजून पाण्याखाली आहे. दोन, कोयनेच्या काठी रान वाढले आणि पुण्याजवळच्या जलाशयांच्या काठी बांधकामे वाढली, यातला फरक धरणाने केलेला नाही. तो भिंत बांधल्यानंतर आजूबाजूच्या जमिनीचे काय करायचे या निर्णयाने झाला. म्हणजे कोयना आपल्याला हेच सांगते की बुडिताच्या रेषेबाहेर काय घडते त्यावर शेवटचा निकाल ठरतो. मी मांडत असलेल्या मुद्द्याला यापेक्षा मोठा आधार नाही. त्याचप्रमाणे ‘भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावू’ हे उत्तरही इथेच तपासावे. उतारावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावून आकडा भरता येतो. पाणजांभळाचा काठ किंवा पुरात धुतला जाणारा कातळ कोणत्याही रोपवाटिकेत तयार होत नाही.

आता धरणे होऊन गेली, आज सर्वेक्षण करून काय मिळवायचे, असेही कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या मेन राज्यात सेंट जॉन नदीवरच्या नियोजित धरणासाठी पर्यावरणाचा अभ्यास चालू असताना १९७६ साली चार्ल्स रिचर्ड्स या वनस्पतिशास्त्रज्ञाला नामशेष समजली गेलेली फर्बिश लाऊसवर्ट ही वनस्पती नदीकाठावर सापडली. ते धरण पुढे झाले नाही. त्याला कारणे अनेक होती. पण ते सर्वेक्षण झाले नसते तर ही वनस्पती अस्तित्वात असतानाच कागदोपत्री मेलेली राहिली असती. आपल्याकडे वेळ सगळीकडे निघून गेलेली नाही. चार जलाशयांच्या वर अजून वाहते ओढे आहेत, त्यांच्या पात्रांत कातळ आहेत, आणि खालच्या खोऱ्यात जे होते त्याची उरलेली शाखा तिथे असण्याची शक्यता आहे. मुळा-मुठेच्या काठांचे पुनरुज्जीवन करण्याच्या योजनांवर पुण्यात वाद चालू आहेत. कोणत्याही बाजूने बोलायचे तरी मूळ काठ कसा होता हे माहीत असल्यावाचून पुनरुज्जीवन कशाचे करायचे ते ठरत नाही. शिवाय धरणांची दुरुस्ती, रस्त्याचे रुंदीकरण, नव्या पर्यटनस्थळांची आखणी ही कामे याच खोऱ्यांत होत राहणार आहेत, आणि प्रत्येक वेळी ‘इथे विशेष काही नाही’ हे वाक्य नोंदीअभावीच खपून जाते.

तेव्हा करायचे काम मोठे असले तरी अवघड नाही. चारही जलाशयांच्या खोऱ्यांत पात्रापासून माथ्यापर्यंत काही ठराविक रेषा आखाव्यात, गाळपेर जमीन आणि भिंतीखालचे पात्र त्यांत घ्यावे. त्यांच्यावर पावसाळ्याआधी, भर पावसात, पाणी उतरताना आणि थंडीत अशा चार फेऱ्या व्हाव्यात, आणि दर दहा वर्षांनी त्याच रेषा पुन्हा चालाव्यात. नमुने पुण्यातल्या संस्थांत ठेवावेत, स्थानिक नावे मराठीत जशी ऐकली तशी लिहावीत, आणि ही नोंद पाण्याच्या तक्त्याइतकीच सर्वांना खुली असावी. पुण्यात महाविद्यालये आहेत, संस्था आहेत, सुटीच्या दिवशी डोंगर चढणारी हजारो माणसे आहेत. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि त्याची छायाचित्रे दरवर्षी छापली जातात. दगड परत येतो, शिल्पे परत येतात. ज्या पळसाचे नाव त्या देवाने घेतले त्याचे तसे होत नाही. डिंभे धरणाखाली जुने आंबेगाव गेले, तालुक्याने त्याचे नाव अजून जपले आहे; तिथल्या आंब्यांच्या जाती कोणत्या, नदीकाठी त्यांच्या सावलीत काय उगवत होते, हे त्या नावातून कळणार नाही. पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांच्या वरच्या ओढ्यांबाबत अजून ते लिहून ठेवता येते. या पाण्यावर वाढलेल्या शहराने ते आता लिहायला घ्यावे.